योजना भवनातून आलेला आकडा

नोकरीला लागलो तेव्हा योजना आयोग म्हणजे दिल्लीतली एक इमारत, एवढीच माझी समजूत होती. अर्थ व सांख्यिकी संचालनालयात पहिली नेमणूक मिळाली ती फिल्डवरची. गावोगाव जायचं, नमुन्यात निघालेली घरं शोधायची आणि तिथे बसून शेड्यूल भरायचं. राष्ट्रीय नमुना पाहणीची ४३ वी फेरी चालू होती, जुलै १९८७ ते जून १९८८. वर्ष दुष्काळाचं. बहुतेक घरांतली माणसं रोजगार हमीच्या कामावर गेलेली असायची, त्यामुळे संध्याकाळी दिवेलागणीनंतरच गाठ पडायची.

शेड्यूलमध्ये तीनशेच्या वर बाबी होत्या. गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती, तूरडाळ किती, मीठ, चहापत्ती, बिड्या, काडेपेटी. एका घरात मी तेलाचं विचारलं.

“रोजचं रोज आणतो की,” ती बाई म्हणाली. “महिन्याचं कोण भरतंय?”

तिने तेलाची बाटली आणून दाखवली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती ती, आणि तिच्यावर मापाच्या खुणा होत्या. मला हायसं वाटलं. एक रुपयाला कुठपर्यंत तेल येतं ते तिने बोटाने दाखवलं, मी मिलिलिटर वाचले. पण तिसांनी गुणणार तोच ती म्हणाली, “काम नसंल त्या दिवशी नाही आणत.” मग काम नसलेले दिवस मोजायला बसलो. ते तिला आठवत होते, कारण कामाचे दिवस मुकादमाच्या हजेरीपटावर होते आणि उरलेले तिच्या डोक्यात.

अशा उत्तरांतून एक मोठा आकडा तयार होतो, हे मला हळूहळू कळलं. घराच्या खर्चाला माणसांनी भागायचं, दरमहा दरडोई खर्च काढायचा आणि तो एका ठरावीक रेषेच्या वर आहे की खाली ते पाहायचं. रेष आखायचं काम योजना आयोगाचं. १९७९ मध्ये आयोगाच्या कार्यदलाने खेड्यातल्या माणसाला दिवसाला २४०० आणि शहरातल्याला २१०० उष्मांक धरले. १९७३-७४ च्या किमतींना ते खाणं परवडेल असा खर्च महिन्याला ग्रामीण भागात ४९ रुपये ९ पैसे आणि शहरी भागात ५६ रुपये ६४ पैसे निघाला. पुढची कितीतरी वर्षं महागाईच्या निर्देशांकाने हीच रेष वर सरकवत नेली. त्याआधी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० उष्मांक धरून १९७१ मध्ये आपला हिशेब मांडला होता. आमच्या खात्यातले जुने लोक दांडेकर-रथ हे एकच आडनाव असल्यासारखं म्हणत.

आमच्या कामाची एक गंमत सांगायला हवी. पाहणीत दोन नमुने असतात. एक केंद्राची माणसं भरतात, दुसरा तसाच राज्याची माणसं. आयोगाचे दारिद्र्याचे अंदाज केंद्राच्या नमुन्यावर निघत. म्हणजे त्या औषधाच्या बाटलीतलं तेल योजना भवनापर्यंत पोचलंच नाही. आमची शेड्यूलं गठ्ठे बांधून मुंबईला जात आणि तिथे बरीच वर्षं पडून राहत. हे मला कळलं तेव्हा मी जरा हिरमुसलो. एक वरिष्ठ म्हणाले, “अरे, मोजण्याची सवय राहते ना हाताला, ते काय कमी आहे?” त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं.

आयोगाच्या आकड्याची आणि माझी खरी गाठ २००२ मध्ये पडली. केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची नवी गणना काढली होती. घरोघर जाऊन तेरा प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण कमी तितकं कुटुंब गरीब. जमीन किती, घर कसलं, दोन वेळचं जेवण मिळतं का, शौचालय, टीव्ही, पंखा, कुकर, घरात शिकलेलं कोण, कर्ज कोणाकडून. काम ग्रामसेवकांनी करायचं आणि आमच्यासारख्यांनी काही गावं पुन्हा तपासायची.

त्यात एक प्रश्न अंगावरच्या कपड्यांचा होता. माणशी दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. एका म्हातारीच्या घरी दोरीवर लुगडी, पोलकी, साड्या ओळीने वाळत होत्या. मुंबईत घरकाम करणारी लेक मालकिणींचे जुने कपडे गाठोडं बांधून पाठवायची. ग्रामसेवकाने नियमाप्रमाणे मोजले आणि गुण दिले. त्याच्या पत्रकात चूक काढायला मला जागा नव्हती. कपडे होतेच. म्हातारीचं दुपारचं जेवण अंगणवाडीतून उरलंसुरलं आलं तर, नाहीतर नाही. त्याचे गुण वेगळ्या रकान्यात पडले होते. दोन रकान्यांची बेरीज करायची असल्यामुळे लुगड्यांनी भाकरीला भरून काढलं.

पण खरी अडचण पुढे आली. किती कुटुंबं गरीब निघतील, हे गणना होण्याआधीच ठरलेलं होतं. राज्याची एकूण संख्या योजना आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजाशी जुळती ठेवायची अशी वरून मर्यादा होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी तो अंदाज २३.७२ टक्के होता. थोडीफार सवलत होती, पण मर्यादा ती मर्यादाच. जिल्ह्याला, तालुक्याला आकडे वाटून आले. यादी करण्याची पद्धत सोपी होती: शून्य गुणांपासून वर मोजत जायचं आणि आकडा भरला की थांबायचं. थांबलो तिथे कट-ऑफ.

मी सांख्यिकीचा माणूस. माझी चिडचीड त्या दशांशावर होती. नमुना पाहणी राज्यात साधारण किती लोक रेषेखाली आहेत ते सांगते. कोण आहेत ते ती सांगू शकत नाही. गावात किती आहेत तेही नाही, कारण एखाद्या गावातून नमुन्यात जेमतेम काही घरं येतात आणि बहुसंख्य गावं तर नमुन्यात नसतातच. शिवाय त्या वर्षीचा अंदाजही वादातला होता. ५५ व्या फेरीत खाण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही तऱ्हांनी एकाच घरात विचारला गेला, आणि त्यामुळे तीस दिवसांची उत्तरं फुगली, गरिबी आहे त्यापेक्षा कमी दिसली, असं अनेक अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं. तरी त्याचे दशांशानंतरचे दोन अंक ग्रामसभेत येऊन बसले. वर गेला तेव्हा तो अंदाज होता, खाली आला तो हुकूम होऊन.

ग्रामसभेत व्हायचं ते झालं. सारखेच गुण असलेल्या दोन भावांपैकी एक यादीत, दुसरा बाहेर, असं होऊ नये म्हणून एका गावात सरपंचाने दोघांनाही बाहेर ठेवायचा तोडगा सुचवला. एकजण उठून मला म्हणाला, “साहेब, तुम्ही गरीब मोजताय का जागा भरताय?” मी त्याला नमुना पाहणी समजावून सांगितली नाही. सांगून काय उपयोग होता?

योजना भवन प्रत्यक्ष पाहिलं ते मंत्रालयातल्या नियोजन विभागात होतो तेव्हा. वार्षिक योजनेचा आराखडा घेऊन दिल्लीला जायचं असे. सहावा मजला, आठवडाभर जागरण, प्रत्येक खात्याकडून माहिती ओरबाडून आणायची, जीएन विवरणपत्रं भरायची, जाडजूड खंड छापून घ्यायचे. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरायचो. सचिव गाडीत पुढे, आणि आम्ही गठ्ठ्यांसह मागच्या गाडीत.

आयोगाच्या कामाची पद्धत बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. वर्तमानपत्रात शेवटची बातमी यायची, मुख्यमंत्री आणि उपाध्यक्ष हस्तांदोलन करताहेत आणि राज्याची योजना इतक्या कोटींची मंजूर. २०१२-१३ ला ४५,००० कोटींची झाली तेव्हाही तसाच फोटो आला होता. पण त्याआधी दोन टप्पे असत. पहिला साधनसंपत्तीचा. राज्याच्या चालू महसुलातून किती उरतं, बाजारातून कर्ज किती, अल्पबचतीतून किती, केंद्राचं सहाय्य किती, याची बेरीज म्हणजे योजनेचा आकार. पाचव्या वेतन आयोगानंतरच्या वर्षांत आमची चालू महसुलाची शिल्लक उणे असायची, तेव्हा या बैठकीला जाताना कोणाचं तोंड उत्साही नसे. दुसरा टप्पा कार्यगटांचा. शेती, पाटबंधारे, आरोग्य, शिक्षण असे एकेका क्षेत्राचे सल्लागार समोर बसत आणि आमच्या खात्यांचे सचिव त्यांना उत्तरं देत.

आमच्यासारख्यांची जागा दुसऱ्या रांगेत, सचिवांच्या खुर्चीमागे. प्रश्न आला की चिठ्ठीवर आकडा लिहून पुढे सरकवायचा. चिठ्ठी वेळेवर पोचली तर साहेब तो आकडा जन्मापासून पाठ असल्यासारखा सांगत. एकदा पाटबंधाऱ्यांच्या चर्चेत समोरच्या सल्लागाराने आमच्या खंडातल्या दोन रकान्यांवर बोट ठेवलं. एकात निर्माण झालेली सिंचन क्षमता, दुसऱ्यात प्रत्यक्ष वापर. “हे अंतर दरवर्षी का वाढतंय?” त्यांनी हिंदीत विचारलं, आवाज न चढवता. कृष्णा खोऱ्याचा काळ होता. बच्छावत लवादाने वाटून दिलेलं पाणी ३१ मे २००० च्या आत अडवलं पाहिजे म्हणून १९९६ मध्ये महामंडळ काढलं होतं, रोखे विकून धरणं बांधली जात होती. भिंती उभ्या राहत होत्या आणि चाऱ्यांचं काम मागे पडत होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मुंबईत मात्र ते कोणी बैठकीत विचारलं नव्हतं. ज्याला त्या धरणाच्या ठेक्याशी, मतदारसंघाशी, बदलीशी काही देणंघेणं नाही अशा माणसाने आपला कागद वाचून प्रश्न विचारणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसलं. मी चिठ्ठी लिहिली, पण तिच्यावर कारण नव्हतं, फक्त टक्केवारी होती.

आयोगाविषयी बोलताना मला हा प्रसंग पहिल्यांदा आठवतो आणि म्हणूनच माझं मत एकतर्फी नाही. बाकी त्याच्या अधिकाराबद्दल मला कायमच थोडं आश्चर्य वाटत आलंय. १५ मार्च १९५० च्या मंत्रिमंडळाच्या ठरावाने जन्मलेली ही संस्था. तिच्यासाठी कायदा नाही, घटनेत उल्लेख नाही. घटनेने राज्यांना पैसा वाटून द्यायला नेमला तो वित्त आयोग, कलम २८० चा. तरी राज्यांचे मुख्यमंत्री दरवर्षी दारात उभे राहत ते योजना भवनाच्या. अर्थमंत्री जॉन मथाई यांनी सुरुवातीलाच, १९५० मध्ये, आयोगाच्या वाढत्या अधिकाराला हरकत घेऊन राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी आले ते चिंतामणराव देशमुख, आणि ते आयोगाचे पहिल्या दिवसापासूनचे सदस्य होते.

पैसे कसे वाटायचे याचा नियम पुण्याच्या माणसाने घालून दिला. धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये उपाध्यक्ष झाले. त्याआधी कोणत्या राज्याला योजनेसाठी किती मदत द्यायची याला ठरलेलं सूत्र नव्हतं, ज्याचं वजन त्याला जास्त. १९६९ मध्ये गाडगीळ सूत्र आलं: साठ टक्के लोकसंख्येवर, दहा टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, दहा कर गोळा करण्याच्या प्रयत्नाला, दहा चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांना, दहा खास अडचणींना. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर यांचा वाटा आधीच बाजूला काढलेला. प्रवरानगरला विखे पाटलांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या या माणसाच्या सूत्रात दरडोई उत्पन्नाच्या रकान्यात महाराष्ट्राला भोपळा मिळायचा. मला त्याचा अभिमान वाटतो. पुढे त्या खुर्चीत शंकरराव चव्हाण, मोहन धारिया, मधु दंडवते असे आपल्याकडचे बरेच बसले. पण आमच्या कचेऱ्यांत रोज घेतलं जाणारं नाव गाडगीळांचंच.

त्यामुळेच आमच्या राज्याच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट होती. योजनेतला बहुतेक पैसा आपला स्वतःचा, कर आणि कर्ज दोन्ही आपलं. आणि तो खर्च करायची मंजुरी घ्यायला आम्ही राजधानी एक्स्प्रेसने दिल्लीला. काही क्षेत्रांसाठीचा नियतव्यय तर बांधून ठेवलेला असे. त्यात कपात केली की केंद्राचं सहाय्यही त्या प्रमाणात कमी. गरिबांच्या क्षेत्रांचा पैसा दुसरीकडे पळवला जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच होता, कारण राज्यं पळवत. पण त्यामुळे एकदा ठरलेला आकडा वर्षभर हलवायची सोय राहत नसे.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते योजनांतर्गत आणि योजनेतर या भिंतीने. नवीन ते योजनांतर्गत. जुनं चालवणं, पगार, दुरुस्ती, डागडुजी हे योजनेतर. योजनेचा आकार मोठा दाखवण्यात सगळ्यांचा मान, म्हणून योजनेतर खर्च हा नेहमी कापायचा खर्च. पुढे मी एका आदिवासी जिल्ह्यात जिल्हा नियोजन अधिकारी झालो तेव्हा या भिंतीची दुसरी बाजू पाहिली. एका डोंगराळ तालुक्यात आरोग्य उपकेंद्राची इमारत उभी होती, फरशी नवी, प्रसूतीचं टेबल प्लॅस्टिकच्या वेष्टनात. एएनएमचं पद मंजूर नव्हतं, कारण पद योजनेतर. पाण्याची टाकी होती, मोटारीचं बिल भरायला शीर्ष नव्हतं. तीन किलोमीटरवर जुनं उपकेंद्र. तिथली नर्स बाई वीस वर्षांपासून त्याच गावात राहत होती आणि छताचे पत्रे गळत होते. पत्रे बदलायला पैसे नाहीत, कारण ती दुरुस्ती. मी विचारलं, “या जुन्याच्या शेजारी नवं का नाही बांधलं?” इंजिनिअर म्हणाला, “सर, नवीन उपकेंद्र नवीन गावालाच मंजूर होतं. जुन्या गावाला ते आधीच आहे ना.”

हे एका कचेरीचं पाप नव्हतं. रंगराजन समितीने २०११ मध्ये ही भिंत पाडा म्हणून सांगितलं, आणि ती पडली २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात. आपल्याकडे तेव्हापासून अनिवार्य खर्च आणि कार्यक्रमांतर्गत खर्च अशी नवी विभागणी आली. कागद बदलला. दुरुस्तीकडे बघण्याची नजर मात्र पटकन बदलत नाही.

आयोग बरखास्त होणार ही घोषणा १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून झाली. दुसऱ्या दिवशी कचेरीत एक जिल्हा परिषद सदस्य आले, घाईघाईने. “साहेब, योजना आयोग गेला म्हणे. मग आपल्या डीपीडीसीचं काय? माझ्या रस्त्याची प्रशासकीय मान्यता राहिलीय.” मी त्यांना सांगितलं की जिल्हा नियोजन समिती घटनेच्या कलमाने आणि आपल्या १९९८ च्या कायद्याने आहे, तिला काही होत नाही. त्यांना कलमात रस नव्हता. “म्हणजे पालकमंत्रीच ना अध्यक्ष? मग झालं,” म्हणाले आणि चहा घेऊन गेले. दिल्लीतल्या इतक्या मोठ्या घडामोडीचा जिल्ह्यात उमटलेला पडसाद एवढाच. राष्ट्रीय विकास परिषदेची शेवटची बैठक २७ डिसेंबर २०१२ ला झाली होती, त्यात दहा मिनिटांची घंटा वाजली म्हणून जयललिता उठून गेल्या. मुख्यमंत्र्यांना घंटा वाजवून बसवणारी पद्धत फार दिवस टिकणार नाही, हे तेव्हाच दिसत होतं.

१ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला. तोही मंत्रिमंडळाच्या ठरावानेच, हे फार कोणी लक्षात घेतलं नाही. पैसे वाटण्याचं काम त्याच्याकडे नाही. त्याच वर्षीपासून चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला. स्वतःचा पैसा खर्चायला दिल्लीला जाणं संपलं, आणि ते संपलं हे उत्तम झालं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ ला संपली, तेरावी आली नाही.

मग जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. निर्देशक ४९. आरोग्य-पोषण आणि शिक्षणाला तीस-तीस टक्के वजन, शेती-पाण्याला वीस, बाकीचं उरलेल्यांना. दरमहा पोर्टलवर आकडे भरायचे आणि कोण किती पुढे सरकलं त्यावर क्रमांक. पहिल्या क्रमांकांना काही कोटींचा जादा निधी. कल्पना मला आवडली होती. मागास जिल्ह्याची तुलना पुण्याशी न करता त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी करायची, यात न्याय आहे. आणि सुरुवातीच्या महिन्यांत खरोखर फरक पडला. ज्या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांचे आकडे कधी पाहिले नव्हते ते एका टेबलावर आले.

अशा एका जिल्ह्यातल्या तालुक्याचा तरुण वैद्यकीय अधिकारी मला एकदा म्हणाला, “सर, कमी वजनाची बाळं आम्ही या महिन्यापासून नीट मोजायला लागलो. काटे नवे आलेत. पण खरी संख्या भरली तर क्रमांक घसरतोय. काय करू?” काटे नसताना कमी वजनाची बाळं कमी दिसायची, काटे आल्यावर वाढली. मोजणी सुधारली की क्रमांक बिघडतो. मी त्याला खरी संख्या भरायला सांगितलं आणि जिल्हाधिकाऱ्यांसाठी एक टिपणी लिहिली, की ही घसरण काट्यांमुळे आहे. पोर्टलवर टिपणीला रकाना नव्हता. बाहेरच्या संस्थांकडून घरोघर पडताळणीही होत असे हे खरं, त्यामुळे फार खोटं टिकत नसे. पण शंभरावर जिल्ह्यांची दरमहा यादी लागली की माणसं यादीकडे बघतात. २००२ च्या गणनेतलाच प्रकार हा, फक्त त्या वेळी वरून मर्यादा आली होती, आता क्रमांक येतो. तेव्हा भांडण कोणाला घ्यायचं याचं होतं, आता कोणाला मोजायचं नाही याचं.

पैसा आणि मोजणी एका हातात असू नये, हे आयोगाने आम्हाला आपल्या वागण्यातून शिकवलं. ते वेगळे झाले हे चांगलं. गेला तो तिसरा भाग, समोर बसून कागद वाचणारा. डॅशबोर्डवर दोन रकाने लाल-हिरवे होतात, अंतर किती ते कळतं, पण ‘हे अंतर का वाढतंय’ असं विचारून उत्तराची वाट बघत बसलेला माणूस त्या पडद्यामागे नाही. राज्यातही नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत सदस्य रस्ते मागतात, पालकमंत्री देतात, आणि मार्चअखेर खर्च शंभर टक्के झाला की अभिनंदनाचा ठराव होतो. शंभर टक्के कशावर, हा प्रश्न विषयपत्रिकेवर येत नाही. तो यावा म्हणून मी दोनदा टिपणी ठेवली. दोन्ही वेळा ती ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली गेली, आणि त्या सदरापर्यंत पोचेस्तोवर सभागृहात जेवणाचे डबे आलेले असत.

निवृत्त झाल्यावरही बातम्या वाचतो. गरिबीचा हिशेब आता नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकावर होतो, बारा निर्देशकांचा. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात १३.५ कोटी लोक त्यातून बाहेर आले असं २०२३ च्या अहवालात आहे. रुपयांची नवी अधिकृत रेष मात्र तेंडुलकर समितीच्या २००९ च्या अहवालानंतर आलेली नाही. त्याच रेषेवरून २०११ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये रोजचे असं सांगितलं आणि देशभर टीका झाली. रंगराजन गटाने २०१४ मध्ये वेगळी रेष सुचवली, ती तशीच राहिली. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने जाहीरच केले नाहीत, पुढची पाहणी २०२२-२३ ची. टॅबलेट घेऊन फिरणारी मुलं आता ती भरतात, आणि तेल कसं मोजतात हे मला एकदा बघायचंय, कारण पाच-दहा रुपयांच्या पुड्या आता मापात बांधून येतात.

माझा एक पुतण्या ग्रामसेवक आहे. घरकुलाच्या प्रपत्र ड च्या यादीवरून परवा त्याच्या गावात ग्रामसभा रात्री दहापर्यंत चालली. उद्दिष्ट वरून आलं होतं, नावं त्याहून जास्त होती. मी त्याला विचारलं, उद्दिष्ट कशावरून काढलंय ते माहीत आहे का? तो म्हणाला, “काका, ते पोर्टलवर दिसत नाही.” मी त्याला म्हटलं, पंचायत समितीला लेखी विचार. त्याने पत्र टाकलंय.